बायकोनं काढलेला धा

जानेवारी आला की मी धारवाडात पायी फिरायचो. बायकोला सांगायचो, चालणं तब्येतीला बरं. खरं कारण भिंतींवर लागलेलं असायचं. आमच्याकडच्या संगीत महोत्सवाची पोस्टरं बरीच वर्षं मीच करत आलो होतो. बसस्टँडच्या भिंतीवर, कॉलेजच्या फाटकाशी, पुस्तकांच्या दुकानाच्या काचेवर ती लागली की एकेक बघत जायला मला आवडायचं. कुणी थांबून वाचत असेल तर मीही जरा लांब उभा राहायचो. माणूस कलाकारांची नावं वाचतो, कुठे आणि किती वाजता ते बघतो आणि चालू लागतो. पोस्टर कुणी केलं हे कुणी विचारत नाही. तरी मला तेवढं पुरायचं.

माझं डिझाइनचं दुकान हुबळीत दुर्गदबैलच्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर आहे. लग्नपत्रिका, साड्यांच्या जाहिराती, शाळांची माहितीपत्रकं, निवडणुका आल्या की हात जोडलेल्या माणसांचे फ्लेक्स. वर्षभर हेच चालतं आणि त्याची मला लाज नाही. पण त्या कामांत प्रत्येक जण शेजारी खुर्ची ओढून बसतो आणि 'फोटो जरा मोठा करा, नाव लाल करा' म्हणत राहतो. महोत्सवाच्या कामात मला कुणी काही सांगत नसे. ते माझं एकट्याचं काम होतं.

बायको विद्यानगरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. आम्ही दोघं एकाच कलाशाळेत, एकाच वर्गात शिकलो. घर धारवाडात आणि कामं दोघांचीही हुबळीत, त्यामुळे सकाळची बस एकत्र पकडतो. मुलगी शिकायला म्हैसूरला असते. बायको घरात मला 'तू' म्हणते आणि लोकांसमोर 'तुम्ही' म्हणते. लग्नानंतर माझ्या आईसमोर लागलेली ती सवय, आई गेल्यावरही तशीच राहिली.

त्या वर्षी महोत्सवाच्या मंडळात काही तरुण माणसं आली. त्यांना नुसतं पोस्टर नको होतं, ब्रँडिंग हवं होतं. म्हणजे एक खूण, जी प्रवेशिकेवर, स्टेजच्या पडद्यावर, कलाकारांना द्यायच्या पिशवीवर, फोनवर फिरणाऱ्या चित्रांवर, सगळीकडे तीच दिसेल. बघितल्याबरोबर माणसानं ओळखावं, हा आपला महोत्सव. मला हे पटलं. मी उत्साहानं कामाला लागलो आणि तीन नमुने तयार केले. एकात तंबोरा होता, एकात सुरांच्या लाटा, एकात आंब्याच्या पानांचं वर्तुळ.

बैठक मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी, पुढच्या व्हरांड्यात होती. अध्यक्ष म्हणजे निवृत्त वकील. कन्नड घरचे, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. त्यांनी तिन्ही कागद आलटून पालटून पाहिले आणि "छलो अद, छलो अद," म्हणजे छान आहे, छान आहे, असं म्हणत पुढे दिले. अप्पा एखाद्या गोष्टीला दोनदा छान म्हणाले की ती त्यांना आवडलेली नसते, हे मला माहीत होतं.

शेवटी कागद अक्कांकडे गेले. अक्का कॉलेजात संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. मंडळात कुणाचंही बोलणं लांबलं की सगळे शेवटी त्यांच्याकडे बघतात. त्या म्हणाल्या, "काम तुझं नेहमी स्वच्छच असतं बघ. पण हे पुण्यात लावलं तरी चालेल, ग्वाल्हेरला लावलं तरी चालेल. आपल्या गावाचं यात काय आहे?"

मी म्हटलं, "आंब्याची पानं आहेत की, अक्का."

"आंबे काय इथंच होतात काय रे?" त्या हसून म्हणाल्या. बाकीचेही हसले. मीही हसलो आणि कागद गोळा केले.

पुढच्या रविवारी सकाळी अक्का आमच्या घरी आल्या. महोत्सवाच्या माहितीपुस्तिकेत जुने फोटो घालायचे होते, ते एका मोठ्या पाकिटातून घेऊन आल्या होत्या. आम्ही फोटो टेबलावर मांडून बघत बसलो. बायकोनं गिरमिट केलं होतं. चुरमुऱ्यांवर कांदा-टोमॅटोचा परतलेला मसाला आणि वर बारीक शेव. आम्हाला बश्या देऊन ती आत जायला निघाली तर अक्का म्हणाल्या, "बस की गं. तू तर चित्रकलेची. तुला काय वाटतं, आपल्या महोत्सवाची खूण काय असावी?"

"हे करतायत ना," बायको माझ्याकडे बघून म्हणाली.

"ते करतायतच. मी तुला विचारते आहे."

बायकोनं पदराला हात पुसला, माझ्यासमोरची बोथट पेन्सिल उचलली आणि फोटोंचं रिकामं पाकीट उलटं करून त्यावर काढायला लागली. तिचा हात कुठे अडला नाही. एक गोल, खाली बसलेलं वळण, पोटाखाली बारीक रेघ, डोक्यावर छोटी शेंडी. तो कन्नडमधला 'धा' होता. त्याला टेकून तिनं मराठीतला 'धा' काढला, डावीकडची गाठ आणि मग दोन उभ्या रेषा. दोन्ही अक्षरं एका जागी एकमेकांत मिसळली होती, आणि सगळं मिळून कुणीतरी मांडी घालून बसलंय आणि खांद्याशी तंबोरा उभा धरलाय असं दिसत होतं. तंबोरा तिनं काढलाच नव्हता. धाचा काना तोच तंबोऱ्याचा दांडा झाला होता.

"धारवाडचा धा," ती म्हणाली. "तबल्याचाही धाच. आणि सुरातला धैवत. दोन्ही लिप्यांत लिहिला, कारण आपल्याकडे पाटी दोन्हींत वाचतात." एवढं बोलून ती पेन्सिल खाली ठेवून उभी राहिली. "सहज सुचलं. चहा ठेवते."

अक्का पाकिटाकडे बघत राहिल्या. गिरमिटाची बशी त्यांच्या हातातच होती. मग त्या हळूच म्हणाल्या, "इद नोडु." हे बघ. आणि माझ्याकडे वळून, "हेच की रे."

"चांगलं आहे," मी म्हटलं. "थोडं काम करावं लागेल."

आधी मला वाटलं, अक्कांनी माझ्याच घरात, माझ्यासमोर तिला विचारायला नको होतं. पण ते खरं नव्हतं. खरं हे होतं की मी इतकी वर्षं धारवाड हे नाव मोठ्या अक्षरांत लिहीत आलो होतो, त्याच्या शेजारी तंबोरे काढत आलो होतो, आणि त्या नावाच्या पहिल्याच अक्षरात तंबोरा बसलाय हे मला दिसलं नव्हतं. तिला मात्र कांदा चिरून आलेल्या हातानं ते काढता आलं.

अक्का गेल्यावर मी तिला विचारलं, "हे कधीपासून डोक्यात होतं?"

"कधीपासून म्हणजे?"

"आत्ता बसल्या बसल्या सुचलं?"

ती बश्या धूत होती. "नाही. बरेच दिवस झाले असतील. बसमधून येताना पाट्या वाचत असते ना मी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू कुठे विचारलंस?" ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते मला जास्त लागलं.

मंडळानं धा एकाच बैठकीत मंजूर केला. तरुण मंडळी तर खूशच झाली. या वेळी अप्पांनी एकदाच "छलो अद," म्हटलं. काम अर्थातच माझ्याकडे राहिलं, कारण ती शाळेत शिकवणारी आणि संगणकावरची सगळी सोय माझ्याकडे. पाकिटावरचा तो धा मी स्कॅन केला आणि माझ्या माडीवर बसून रोज त्याच्यावर काम करायला लागलो.

दुसऱ्याचं अक्षर स्क्रीनवर खूप मोठं करून बघण्याचा एक फायदा असतो. त्यात कुठे हात डळमळलाय ते कळतं. मी तेच शोधत होतो. गोल कुठे चेपलाय का, दांडा कुठे कललाय का. दांडा खरंच किंचित कलला होता. मी तो सरळ करून पाहिला तर बसलेला माणूस उठून रांगेत उभा राहिल्यासारखा दिसायला लागला. परत होता तसा केला. गोलाची जाडी एकसारखी करून पाहिली, तर अक्षर दुकानाच्या पाटीवरचं वाटायला लागलं. तीही परत केली. असे कितीतरी दिवस गेले. मी जे जे सुधारायला जायचो ते ते बिघडायचं, आणि प्रत्येक वेळी तिची मूळ रेघ बरोबर ठरायची. हे बघायला त्या माडीवर दुसरं कुणी नव्हतं, तेवढं बरं होतं.

मग एक दिवस मला एक चूक सापडलीच. प्रवेशिकेच्या कोपऱ्यात धा अगदी लहान करून ठेवला तर कन्नड अक्षराच्या पोटाखालची छोटी रेघ दिसेनाशी होत होती. ती रेघ गेली की कन्नडमध्ये 'धा' चा 'दा' होतो. मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन चहा पिऊन आलो. घरी परतताना बसमध्ये तिच्या शेजारी बसून शक्य तितक्या सहजपणे म्हटलं, "तुझा धा लहान केला की दा होतो."

"हो?" ती म्हणाली. "दाखव."

मी फोनवर दाखवलं. तिनं चष्मा वर करून नीट पाहिलं. "बरोबर आहे तुझं. लहानासाठी वेगळा काढायला हवा." पिशवीतून तिनं मुलांच्या चित्रांच्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद काढला, पिशवीवरच ठेवला आणि चालत्या बसमध्ये पुन्हा काढायला लागली. वाटेत नवलूरच्या आसपास तिनं कागद माझ्या हातात दिला. तिनं ती छोटी रेघ जरा बाहेर ओढून गोलाच्या खाली टेकवली होती, बसलेल्या माणसाखालच्या बैठकीसारखी. लहान केलं तरी ती दिसणार होती. मोठ्या धापेक्षा हा लहान धा मला जास्त आवडला, आणि तो मागून घेणारा मीच होतो.

पोस्टरं लागली. आणि मग जे झालं त्याची मी कल्पना केली नव्हती. इतकी वर्षं पोस्टर कुणी केलं हे कुणी विचारलं नव्हतं. या वेळी सगळ्यांनी विचारलं. पोस्टरावर माझ्या दुकानाचं नाव बारीक अक्षरांत नेहमीसारखंच होतं. छापखान्याच्या मालकानं हात हातात घेतला. माझ्या दुकानाखालचे भांडीवाले म्हणाले, "काय डोकं चालवलं हो." बसस्टँडवर एक अनोळखी गृहस्थ मित्राला धा समजावून सांगताना मी ऐकले. हा बघा धारवाडचा, हा तबल्याचा. मी जरा लांब उभा होतो.

मी प्रत्येकाला खरं सांगायचो. "माझं नाही हो. बायकोचं आहे."

त्यावर लोक माझ्याकडे आणखीच प्रेमानं बघायचे. "वा, केवढं मोठं मन," छापखान्याचा मालक म्हणाला. "आजकाल कोण बायकोला श्रेय देतं?" मी पुन्हा सांगायचो, अहो खरंच, तिनंच काढलंय, मी फक्त छापायला तयार केलं. ते मान डोलवायचे. जितकं खरं सांगावं तितका मी मोठ्या मनाचा ठरत होतो. न केलेल्या कामाची शाबासकी मिळत होती आणि वर चांगला नवरा असल्याचीही. दोन्ही घशाखाली उतरत नव्हत्या.

एक दिवस बसमध्ये ती म्हणाली, "आज स्टाफरूममध्ये हेडबाई म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांनी काय सुंदर पोस्टर केलंय. मी म्हटलं, तो धा माझा आहे. तर म्हणतात, असू दे की हो, तुमचं काय आणि त्यांचं काय, घरचंच ते."

"मग?"

"मग काही नाही. तासाची घंटा झाली."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. हेडबाईंचं ते बोलणं ऐकून मला क्षणभर बरं वाटलं होतं.

माहितीपुस्तिकेचा शेवटचा मजकूर मंडळाकडून आला तो त्याच आठवड्यात. मागच्या पानावर आभार होते. त्यात 'संकल्पना, आरेखन व मांडणी' असं लिहून पुढे माझं नाव, आणि बरंच खाली, मांडववाले आणि चहाफराळवाले यांच्यामध्ये, 'विशेष सहकार्य' म्हणून तिचं. नावाआधी 'सौ.' लावलेलं. मी ते पान छापून संध्याकाळी घरी नेलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

तिनं ते वाचलं. "तुला हे बरोबर वाटतं?"

"मजकूर त्यांचा आहे," मी म्हटलं. "मी फक्त लावतो."

"मी तुला विचारलं, तुला बरोबर वाटतं का."

"तुला बदलून हवं असेल तर मी अप्पांशी बोलतो."

"मला हवं असेल तर," ती म्हणाली. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि त्यावरून हात फिरवून तो सपाट केला. "सगळ्यांना सांगत फिरतोस ना, बायकोचं आहे, बायकोचं आहे. मी ऐकलंय तुला. माझी वस्तू तू मलाच भेट देतोयस अशा थाटात सांगतोस. मग लोक तुझंच कौतुक करतात."

"मग काय सांगू? तेही सांगू नको?"

"सांगू नको. छाप."

मला राग आला. मी म्हटलं, "तुला माहीत आहे का, गेला महिनाभर मला कसं होतंय? इतकी वर्षं ते काम मी केलं. तू एका पाकिटावर रेघ मारलीस आणि सगळं गाव..." पुढे मला बोलता आलं नाही, कारण मी काय बोलतोय ते मला ऐकू आलं.

ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. ओळखीचं काहीतरी दिसल्यासारखं.

"तू माझ्यावर जळतोयस," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"तुला महिना झाला," ती म्हणाली. "मला किती वर्षं झाली विचार. मुलगी लहान होती, घरात एक कायमचा पगार हवा होता, म्हणून मी शाळा घेतली आणि तू दुकान काढलंस. तेव्हा दोघांनी मिळूनच ठरवलं होतं, मी कुणाला दोष देत नाही. पण दर जानेवारीत तुझं पोस्टर आमच्या शाळेच्या फळ्यावर मला माझ्या हातानं लावावं लागतं. टाचण्या मारताना मी दर वर्षी बघते, ही ओळ अशी का घेतली, हे अक्षर मी कसं काढलं असतं. आणि मुलं विचारतात, मॅडम, हे तुमच्या मिस्टरांनी केलंय ना? मी म्हणते, हो."

मला कलाशाळेतला आमचा वर्ग आठवला. सुलेखनाच्या तासाला सर कागद गोळा करून तिचा सगळ्यात वर ठेवायचे, हे मला अगदी ठाऊक होतं. तेव्हा मी त्यामुळेच तिच्या मागे लागलो होतो. नंतर ते कुठे गेलं मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं तिला शाळा आवडते.

"शाळा आवडते मला," मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली. "पण ती आवडते म्हणून हे आवडत नाही असं कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी मी अप्पांच्या घरी जाऊन सांगितलं की पान बदलायचं आहे. 'बोधचिन्ह व संकल्पना' म्हणून वर तिचं नाव, सौ. न लावता, आणि खाली 'मांडणी' म्हणून माझं. अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलं? आम्हाला वाटलं घरच्या घरात तुमचं ठरलेलं असेल." त्यांनी त्याच कागदावर सही करून दिली. तिथून बाहेर पडताना माझं मन हलकं होईल अशी माझी अपेक्षा होती. तसं झालं नाही. पायऱ्या उतरताना मी हिशेब करत होतो की आता 'मांडणी' या शब्दाकडे कोण बघणार.

महोत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी स्टेजच्या मागच्या पडद्यावर धा मोठा लावलेला होता. मातकट लाल पडद्यावर पांढरा. तंबोरे जुळत होते आणि ते घेऊन बसलेल्या दोन मुलींच्या मागे तो असा बसला होता की तिसरा कुणी त्यांच्यासोबत आहे असं वाटावं. मी सतरंजीवर मधल्या रांगेत होतो. तिला पुढे खुर्चीवर बसवलं होतं.

गायन सुरू होण्याआधी निवेदिकेनं तिचं नाव घेतलं. ती जांभळी इरकल साडी नेसली होती. पायऱ्या चढताना तिनं निऱ्या उचलून धरल्या, अक्कांच्या हातून शाल घेतली, नमस्कार केला. निवेदिकेनं माइक पुढे केला तेव्हा मला वाटलं ती नको म्हणेल. पण तिनं माइक घेतला आणि आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत म्हणाली, "हे अक्षर मला पाट्या वाचताना सापडलं. तुम्हीही रोज वाचता. आवडलं असेल तर आनंद आहे." बस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला तिचा अभिमान वाटत होता, हे खरंच. आणि तिच्या जागी मी असायला हवा होतो असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी होतं, आणि एकानं दुसरं कमी होत नव्हतं.

शेजारी बसलेले वयस्कर गृहस्थ, अळणावरहून आले होते, त्यांनी वाकून विचारलं, "ओळखता काय त्यांना?"

"माझी बायको आहे," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्ही त्यांचे यजमान. बरं, बरं," ते म्हणाले आणि माझ्याकडे जरा आदरानं बघून पुन्हा स्टेजकडे वळले. मी काय करतो ते त्यांनी विचारलं नाही.

पहिलं गाणं मला काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या कलाकाराच्या वेळी कधीतरी ती मागे येऊन माझ्या शेजारी सतरंजीवर बसली. शाल घडी करून मांडीवर ठेवली. "खुर्चीवरून तबला नीट दिसत नव्हता," ती म्हणाली. मी सरकून जागा केली.

त्यानंतर बेळगावच्या एका बालनाट्य मंडळाच्या लोकांनी तिला फोन केला. मला नाही, तिला. धा बघितला होता, त्यांच्या शिबिराचं पोस्टर वगैरे सगळं कराल का, विचारत होते. फोन ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "करू?" माझ्या तोंडावर आलं होतं की शाळा सांभाळून कसं जमणार. मी म्हटलं, "कर." शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ती आता दुर्गदबैलला माझ्या माडीवर येते. खिडकीपाशी तिच्यासाठी एक टेबल टाकलं आहे. खालून हातगाड्यांचा आणि रिक्षांचा आवाज येत असतो, ती कागदावर काढत असते आणि मी स्क्रीनवर लग्नपत्रिका लावत असतो. ती मधेच स्वतःशी हसली की मला कळतं, तिचं काहीतरी जमलं. मग माझं लक्ष लागत नाही.

मागच्या शनिवारी तिनं हाक मारली. "जरा बघतोस?"

मी उठून गेलो. कागदावर नाटकाच्या शिबिराचं पोस्टर होतं. बरीच मुलं एकाच मोठ्या सदऱ्याच्या बाह्यांतून डोकी बाहेर काढत होती. बघितल्याबरोबर मला हसू आलं, आणि लगेच माझी नजर नेहमीसारखी चूक शोधायला लागली. ती सापडली. मी जरा थांबलो, खरोखर चूक आहे की मला हवी आहे ते बघायला. पुन्हा पाहिलं. चूकच होती.

"खालची ओळ जड झालीये," मी म्हटलं. "वरची मुलं दबतात."

तिनं कागद लांब धरून पाहिला. "मलाही काहीतरी खटकत होतं. कळत नव्हतं." मग तिनं आपली खुर्ची बाजूला सरकवली. "तू कर बघू ती ओळ. तुला बारीक अक्षर चांगलं येतं."

मी स्टूल ओढून बसलो. तिनं पेन्सिल दिली. हे काम मला का आलं नाही, हा विचार ओळ आखतानाही डोक्यात होताच. पण ओळ सरळ यायला हवी होती, म्हणून मी श्वास धरून ती आखत होतो, आणि ती माझ्या खांद्यावरून बघत म्हणत होती, "थोडं डावीकडे. हां. आता पुढे."